बारा मंद सूर

१

बुधवारी दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी मिस विनिफ्रेड लार्टर वाचनालयात परतल्या, टोपी खुंटीला अडकवली, आणि काहीतरी गेलंय हे काचपेटीकडे पाहण्याआधीच त्यांना कळलं. खोली जरुरीपेक्षा जास्त नीटनेटकी झाली होती.

विनस्टेथ गावात वाचनालय आवरून जाणारा माणूस अठ्ठावीस वर्षांत त्यांना भेटला नव्हता. लोक पुस्तकांत खुणा म्हणून काय काय ठेवून परत करतात, याचा पक्का हिशेब बाईंच्या डोक्यात असे. कबिटबाई केसांचे आकडे, लिलाववाले गेजसाहेब रेल्वेची जुनी तिकिटं, आणि मागचे एक पाद्री तर चक्क बेकनची साल. आवराआवर मात्र कोणी करीत नसे. आज गावच्या ऑर्गनांवरच्या प्रदर्शनाच्या टेबलावरची माहितीपत्रकं कडेला कड लावून, एका रांगेत, पाठी भिंतीकडे करून मांडलेली होती.

काचपेटीतली पत्रकंही तशीच सारखी पसरली होती. मधोमध जिथे सुरांची वही होती, तिथेही पत्रकंच होती.

बाई खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या, कारण दारातून मिसेस थर्झा ब्लाय आत येत होती. थर्झा खलाशांच्या चॅपेलात शेहेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवीत होती. त्याआधी दोघी एका बाकावर बसून शाळा शिकल्या होत्या.

"विनी, ते खालचं बारीक अक्षर लागलं का गं?"

"वहीच गेली, थर्झा."

थर्झाने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "शुक्रवारी सहा वाजता सभा आहे," ती म्हणाली. जणू ही गोष्ट विनीला ठाऊकच नव्हती.

ठाऊक सगळ्या गावाला होती. चॅपेलाच्या विश्वस्तांनी आणि त्यांचे चिटणीस गेजसाहेब यांनी ऑर्गन विकायचा घाट घातला होता. दूर आतल्या भागातली एक शाळा गाडी घेऊन येणार होती. समुद्राचं पाणीही न पाहिलेल्या पोरांसमोर तो वाजणार होता. या विक्रीला आडवी येत होती ती एकच वस्तू. ऑर्गनच्या पोटात खिळ्याला टांगलेली, सूर लावणाऱ्यांनी दरवर्षी दोन ओळी खरडलेली वही. तिचं पहिलं पान पुठ्ठ्याला चिकटलेलं होतं. सोमवारी प्रदर्शनासाठी वही आली तेव्हा बाईंनी ते किटलीच्या वाफेवर सोडवलं, आणि वर ठळक अक्षरांत निघालं: हा ऑर्गन मी, कॅप्टन पार्टनची विधवा जेमायमा, खलाशांच्या चॅपेलाला देते, तो विकू नये. साल १८२६. खाली आणखी बरंच होतं, पण डिंकाखाली पुसट झालेलं. भिंग घेऊन ते आज रात्री वाचायचं ठरलं होतं.

"तू किती वेळ बाहेर होतीस?"

"तीनला आईचं औषध द्यायला गेले. दर बुधवारी जाते तशी. कुलूप लावून. किल्ली कुंडीखाली."

किल्ली कुंडीखाली असते हे गुपित गावात फक्त अडीच हजार लोकांना ठाऊक होतं. त्यात बुधवार म्हणजे अर्ध्या दिवसाची सुट्टी. दुकानं एक वाजता बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"गेजच," थर्झा म्हणाली. "दुसरा कोण?"

बाई सरळ रेषेत मांडलेल्या पत्रकांकडे पाहत होत्या. गेजसाहेबांच्या टेबलावर त्यांना दौतही कधी सापडत नसे.

२

विनस्टेथच्या ऑर्गनांचा इतिहास म्हणजे निव्वळ मत्सराचा इतिहास, असं लार्टरबाईंचं मत होतं. फक्त प्रदर्शनाच्या पाटीवर तसं लिहिता आलं नव्हतं. पहिला ऑर्गन समुद्रस्नानाला येणाऱ्या बड्या लोकांच्या नाचघरात होता. कॅप्टनच्या विधवेने तो विकत घेऊन कोळी-खलाशांना दिला, तसा मोठ्या चर्चच्या पोटात दुखू लागलं आणि त्यांनी दोन नळ्या जास्त असलेला आणला. मग धक्क्यावरच्या करमणूकघराने रंगीत दिव्यांचा, जमिनीतून वर येणारा आणला. तो वाजवणारा लिओनेल फेन पांढरे बूट घालून त्याच्यासकट वर येई.

त्याच फेनला बुधवारी पावणेतीनला वाचनालयाच्या पायऱ्यांवर पाहिलेलं होतं. संध्याकाळी बाईंनी त्याला धक्क्यावर गाठलं.

"मी? मी ते मळकट बाड चोरीन?" फेनने केसांवरून हात फिरवला. "बाई, माझ्या ऑर्गनला घोड्याच्या टापा वाजवता येतात."

"मग कशाला आला होतात?"

फेन समुद्राकडे बघू लागला. "तुमच्या पाटीवर लिहिलंय, चर्चचा ऑर्गन गावात सर्वांत मोठा. मी फक्त शाईने दुरुस्ती केली. माझा मोठा आहे."

"आणि वही?"

"होती ना. मी निघालो तेव्हा तीनला दहा कमी होते. तुम्ही आत पुस्तकांवर शिक्के मारीत होतात. ऐकूसुद्धा आलं नाही तुम्हाला."

पाटी पाहिली तर दुरुस्ती होती, आणि वर उद्गारचिन्हही. असा माणूस चोरी करून गप्प बसू शकत नाही, अशी बाईंनी मनात नोंद केली आणि त्याचं नाव खोडलं.

गेजसाहेब तर दोनपासून पाचपर्यंत पांढऱ्या कपड्यांत हिरवळीवरच्या सामन्यात गोळे घरंगळवत होते, आणि ते बावीस जणांनी पाहिलं होतं.

"वही हरवली?" ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. "फार वाईट. पण सभेला तोंडी गोष्टी चालत नाहीत, लार्टरबाई. कागद हवा."

मग उरलं कोण? वहीत काय आहे याची फिकीर असणारी गावात आणखी दोनच माणसं: ऑर्गनचे सूर लावायला दर सप्टेंबरात नॉरिचहून येणारे म्हातारे अटिंग, आणि चॅपेलाची देखरेख करणारा ह्यूबर्ट थर्टल. बुधवारी ते सूरच लावत होते. हे काम दोघांचं. एकाने ऑर्गनच्या पोटात नळ्यांमध्ये उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेर एकेक पट्टी दाबून धरायची; आतून "पुढे" अशी हाक आली की पुढची. दोनपासून साडेचारपर्यंत तो सूर सगळ्या गल्लीने ऐकला होता. चोरीच्या वेळी ते कुठे होते, याला इतके साक्षीदार राजालाही मिळाले नसते.

तरीही गुरुवारी सकाळी बाईंची सायकल चॅपेलाच्या गल्लीकडे वळली. त्या कडेला कड लावून मांडलेल्या पत्रकांनी त्यांना झोपू दिलं नव्हतं. तशी मांडणी त्यांनी कुठेतरी पाहिली होती.

३

मिसेस कबिट चॅपेलाला लागून असलेल्या घरात पाहुण्यांना खोल्या देत. सूर लावण्याच्या दिवशी संध्याकाळी खलाशांच्या विधवांना चॅपेलात चहा असतो, आणि त्याचा पाव दरवर्षी त्यांच्याच स्वयंपाकघरात कापला जातो.

"ऐकलं का, म्हणजे काय? कानात कापूस घातला तरी ऐकू येतं," कबिटबाई म्हणाल्या. "मी त्याच्यावरच हात चालवते. एक सूर, एक काप, एक मिनिट. कापायचा, लोणी लावायचं, अर्धं खरवडून परत घ्यायचं. रेशन कधी उठवणार आहेत कोण जाणे. राणीचा राज्याभिषेक झाला, लोणी आहे तेवढंच."

"सूर मध्ये कुठे थांबला?"

"थांबला नाही. लांबला. बारा सूर असे आले की एकेका सुरात तीन-तीन काप. दरवर्षी येतात ते. मंद, मुंगी गुणगुणल्यासारखे. पण ते शेवटी यायचे, चार वाजून गेल्यावर. मी तेव्हा काकडी कापायला घेते. यंदा मधेच आले, तीनच्या सुमाराला. छत्तीस काप झाले माझे, अन् काकडी तशीच."

छत्तीस काप. मिनिटाला एक. बाईंच्या हातातला कप बशीवर टेकला.

"घ्या ना अजून चहा. अन् त्या मोटारीचं काहीतरी करा बाई तुम्ही सभेत." कबिटबाईंनी कोठीच्या भिंतीकडे लाटणं रोखलं. भिंतीपलीकडे ऑर्गनला वारा भरणारी विजेची मोटार होती. भिंतीअलीकडे फळीवर चाळीसेक बरण्या. "ती चालली की माझ्या बरण्यांचे दात वाजतात. दरवर्षी निदान थोडा वेळ गप्प बसतात. काल दोनपासून साडेचारपर्यंत एकसारखं किडकिड किडकिड. आलुबुखाराच्या मुरंब्याचं झाकणसुद्धा निघालं."

लार्टरबाईंनी दुसरा कप घेतला नाही. कबिटबाईंना वाटलं, मुरंब्याला नावं ठेवल्यासारखं झालं.

४

अटिंग मोठ्या चर्चच्या ऑर्गनमधून उतरले तेव्हा त्यांच्या भुवयांवर शंभर वर्षांची धूळ होती.

"बारा मंद नळ्या?" त्यांचा चेहरा उजळला. "ओळखल्यात? वा. गावात कुणाला पत्ता नसतो. त्या नळ्या इतक्या हळू बोलतात की मोटारीची घरघर कानात असली तर सूर लागतच नाही. म्हणून मी मोटार बंद करतो. ह्यूबर्ट जातो मागच्या कोठडीत आणि भात्याचा दांडा हाताने मारतो, त्याचा आजा मारायचा तसा. पट्ट्या धरायला कोणी उरत नाही. मी शिशाचं वजन ठेवतो पट्टीवर, आत जातो, सूर लावतो, बाहेर येतो, वजन पुढे सरकवतो. म्हणून वेळ लागतो."

"काल ह्यूबर्ट दांड्यावर होता?"

"हो."

"छत्तीस मिनिटं?"

"असेल."

"मग कबिटबाईंच्या बरण्या का वाजत होत्या, अटिंगसाहेब?"

अटिंगनी रुमाल काढला आणि बराच वेळ भुवया पुसल्या.

"मी त्याला शब्द दिला होता," अखेर ते म्हणाले. "कुणाला सांगणार नाही म्हणून. पाठ धरलीय म्हणाला. आत जाऊन पडतो, मोटार चालूच राहू द्या, आणि ते बारा आत्ताच उरका म्हणाला. घरघरीत कसेबसे लावले मी. थर्झाबाईंना कळलं तर उगाच काळजी करतील."

"आत म्हणजे मागच्या कोठडीत. तिला मागचं दार आहे."

"आहे. पण बाई, ह्यूबर्ट? तो ऑर्गन गेला तर त्या माणसाचा अर्धा देह जाईल. त्याने का म्हणून वही चोरावी?"

तेच बाईंना कळत नव्हतं. आणि पत्रकांची ती मांडणी कुठे पाहिली होती, ते मात्र त्यांना याच क्षणी आठवलं.

५

शुक्रवारी पाच वाजता चॅपेलात शिरल्यावर त्यांनी आधी बाकांकडे पाहिलं. ऐंशी भजनपुस्तकं, कडेला कड लावून, पाठी भिंतीकडे.

ह्यूबर्ट थर्टल सभेसाठी खुर्च्या मांडत होता. जड खुर्च्या, दोन्ही हातांत दोन-दोन.

"पाठ बरी दिसतेय, ह्यूबर्ट."

खुर्च्या हळूच खाली टेकल्या. वाऱ्यापावसात तांबारलेला त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"पत्रकं नीट लावायला नको होती तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मोकळी जागा दिसली की हात राहत नाही, बाई." तो बाकावर बसला. "कशावरून? एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नव्हे. बरण्यांवरून. पण का? थर्झा तुमची कोणी दुश्मन आहे?"

"त्यांच्यासाठीच तर." त्याने मागच्या कोठडीकडे मान वळवली. "या माझ्याबरोबर."

कोठडीत भात्याचा लांब लाकडी दांडा होता. हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. वर भिंतीच्या फळीवर चाकूने कोरलेली चार नावं, चारही थर्टल. शेवटचं ह्यूबर्टचं.

"आजा मरताना म्हणाला, पोरा, कॅप्टनच्या बाईने अट घातलीय. ज्या दिवशी खलाशाचा हात दांड्यावरून निघाला, त्या दिवशी ऑर्गन गावातून निघाला. अडतीस साली विश्वस्तांनी विचारलं, मोटार बसवायची का? मी हो म्हणालो. जाळी ओढून खांदे गेले होते. बाकी कोणाला ती अट ठाऊकच नव्हती. पान चिकटलेलं. मी पंधरा वर्षं कुणाला बोललो नाही. आणि मंगळवारी बघतो तर तुम्ही ते पान सोडवून काचेखाली ठेवलेलं. म्हटलं, रात्री या वाचणार आणि शुक्रवारी गेज उठून म्हणणार, अट मोडली, न्या ऑर्गन. माझ्यामुळे."

"जाळून का नाही टाकली?"

"मालकिणीचं अक्षर आहे ते," ह्यूबर्ट म्हणाला, जणू बाईंनी काही वेडंवाकडं विचारलं होतं. त्याने दांड्यामागची फळी सरकवून ऑर्गनच्या पोटातल्या वहीच्या जुन्याच खिळ्यावरून तेलकापडाचं गाठोडं काढलं.

बाईंनी पर्समधून भिंग काढलं. खिडकीशी जाऊन त्या पुसट ओळी वाचू लागल्या. एकदा वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग भरभर वहीची शेवटची पानं उलटली.

"ह्यूबर्ट, तुमच्या आजोबांनी अट अर्धीच सांगितली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "किती वाजले?"

"साडेपाच."

"अटिंगची गाडी किती वाजता?"

"पाच चाळीस."

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. पण गल्लीतल्या लोकांनी नंतर शपथेवर सांगितलं की इतक्या जोरात सायकल त्यांनी मासळीच्या लिलावाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

६

सहा वाजता चॅपेल भरलं. पुढे टेबलाशी सहा विश्वस्त आणि चिटणीस गेज. थर्झा पहिल्या बाकावर, हातमोजे मांडीवर. अटिंग धापा टाकीत दाराशी. त्यांना चालू लागलेल्या डब्यातून कॉलर धरून खाली ओढलं होतं, असं म्हणतात.

"वही मिळाली," लार्टरबाई म्हणाल्या.

"मिळाली?" गेजच्या मिशा खाली आल्या. "कुठे होती?"

"जिथे सव्वाशे वर्षं होती तिथेच. ऑर्गनमध्ये." हे शब्दश: खरं होतं. दाराआड उभ्या ह्यूबर्टने डोळे मिटले. "पहिली ओळ सर्वांना ठाऊक आहे. खालची ऐका. 'हा ऑर्गन विकू नये, जोवर गावच्या दर्यावर्दीचा हात याला वारा देतो. एक वर्ष आणि एक दिवस कोणाही हाताने वारा दिला नाही, तर तो माझ्या वारसांचा. वारस नसल्यास विश्वस्तांनी हवे ते करावे.'"

बाकांवर कुजबुज झाली. गेज मात्र हसले.

"धन्यवाद, बाई. माझंच काम केलंत. पार्टनबाईंचे वारस कधीच संपले, आणि इथे अडतीस सालापासून मोटार आहे."

"अटिंगसाहेब, अडतीस सालची तुमची नोंद वाचता?"

अटिंगनी चष्मा लावला. "'मोटार बंद. बारा मंद सूर. ह. थर्टल दांड्यावर.'" पान उलटलं. "एकोणचाळीस, तेच. चाळीस, तेच, विमानांचा त्रास. सत्तेचाळीस, तेच. दरवर्षी तेच आहे, साहेब. माझंच अक्षर."

थर्झा मागे वळून दाराकडे पाहू लागली. ह्यूबर्ट दाराची चौकट धरून उभा होता. पंधरा वर्षं ज्याची धास्ती घेतली, ती अट तो दर सप्टेंबरात स्वतःच्या हाताने पाळत आला होता, आणि ते त्याला आत्ता कळत होतं.

पण गेज लिलाववाले होते. शेवटची बोली त्यांना ऐकू येई.

"आणि यंदाची नोंद?"

अटिंगनी पान उलटलं; ते कोरं होतं.

"यंदा वही प्रदर्शनात होती," बाई म्हणाल्या.

"वही सोडा. यंदा मोटार बंद झाली होती का? हो की नाही?"

"नाही," अटिंग खालच्या आवाजात म्हणाले.

"मागची नोंद कधीची?"

"चोवीस सप्टेंबर, बावन्न."

गेजनी बोटांवर मोजलं. "एक वर्ष म्हणजे काल. आणि एक दिवस म्हणजे आज. संपलं की."

"आज पंचवीस तारीख," लार्टरबाई म्हणाल्या. "आज संपलाय का, गेजसाहेब? तुमच्या घड्याळात किती वाजले?"

गेजनी घड्याळ काढलं. मान वर केली तेव्हा दाराची चौकट रिकामी होती. थर्झाही बाकावर नव्हती. ती पट्ट्यांसमोर बसून बाह्या सावरत होती.

आधी लाकडाची एक लांब कुरकुर आली, कोठडीतून. मग दुसरी, तालात. मग वर, नळ्यांच्या रानातून, अगदी बारीक, मुंगी गुणगुणावी तसा एक सूर निघाला. थर्झाने दुसरा धरला. तिसरा. विधवांच्या बाकावरची एक म्हातारी उभी राहिली, मग तिच्या शेजारची. बाराही मंद सूर झाले आणि थर्झाने एकदम सगळ्या नळ्यांच्या खुंट्या ओढल्या, तसं ते जुनं लाकूड, शिसं आणि चामडं असं गरजलं की टेबलावरची दौत हलली.

"थांबा," गेज ओरडले. "पुरावा काय? मोटार चालू नाही कशावरून?"

थर्झाने हात उचलले. शांतता पडली. त्या शांततेत शेजारच्या घराची खिडकी धाडकन उघडली आणि कबिटबाईंचं डोकं बाहेर आलं.

"लार्टरबाई," त्यांनी हाक दिली, "काय केलंत तुम्ही? ऑर्गन एवढा गरजला, तरी माझ्या बरण्या गप्प आहेत."

अटिंगनी कानामागची पेन्सिल काढली, वही गुडघ्यावर ठेवली, आणि तारीख घातली.